सायलेन्सरची कुळकथा

रात्रीचा पहिला प्रहर उलटून गेला आहे. घरांतील दिवे मालवले आहेत. पाळण्यांतलें मूल आतांच कुठें स्वस्थ झोंपीं गेलें आहे, आणि शेजारच्या खोलींत परीक्षेचा विद्यार्थी पुस्तकावर वांकून बसला आहे. इतक्यांत रस्त्याच्या टोंकाशीं एक मोटारसायकल धडधडूं लागते. खिडक्यांच्या कांचा थरथरतात, मूल दचकून उठतें, आणि गाडी वळणाआड दिसेनाशी झाली तरी तिचा नाद कितीतरी वेळ कानांत घुमत राहतो. त्याच रस्त्यानें क्षणभरापूर्वीं तिच्याहून चौपट मोठ्या इंजिनाची मोटार निघून गेली होती. ती केव्हां आली आणि केव्हां गेली हें कोणाला कळलेंहि नव्हतें. दोन्ही गाड्या पेट्रोलवरच चालतात. दोहोंच्या पोटांत स्फोटच होतात. मग एक कुजबुजते आणि दुसरी गरजते, असें कां व्हावें? प्रश्न दिसतो यंत्रशास्त्राचा; पण यंत्रशास्त्रांत त्याचें निम्मेंच उत्तर सांपडतें. उरलेलें निम्में इतिहासांत आहे, आणि तें यंत्रापेक्षां माणसाविषयींच अधिक सांगणारें आहे.

प्रथम हा आवाज येतो कोठून, हें पाहूं. बंदुकीचा बार आणि इंजिनाचा आवाज हीं एकाच कुळांतलीं भावंडें होत. बंदुकींत पेटलेल्या दारूचा वायु गोळीला पुढें लोटतो. इंजिनांत पेट्रोल व हवा यांचें पेटलेलें मिश्रण दट्ट्याला, म्हणजे पिस्टनला, लोटतें. निकोलाउस ओटो या जर्मन संशोधकानें १८७६ सालीं सिद्ध केलेल्या चार धावांच्या इंजिनांत दट्ट्या पहिल्या धावेंत मिश्रण आंत ओढतो, दुसरींत तें दाबतो, तिसरींत स्फोटाच्या जोरानें खालीं जाऊन चाकाला गति देतो, आणि चौथींत जळका वायु बाहेर लोटतो. तिसरी धाव संपत आली कीं बाहेरची झडप उघडते. त्या क्षणीं सिलिंडरमधील वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो, आणि तो वायु अतिशय तप्त असतो. सोडावॉटरच्या बाटलीचें बूच उडावें तसा तो नळींत घुसतो, आणि त्या धक्क्याची लाट नळीच्या टोंकांतून बाहेर पडून आपल्या कानांवर आदळते.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. दट्ट्या तळाशीं पोंचला म्हणजे त्या वायूकडून आणखी काम करून घेण्यास जागा उरत नाहीं. शिल्लक राहिलेला जोर तसाच सोडून द्यावा लागतो. म्हणजे जो आवाज आपण ऐकतों, तो इंजिनानें केलेल्या कामाचा नसून, त्याला जें काम करून घेतां आलें नाहीं त्याचा आहे. आवाजाला पराक्रमाची खूण मानण्याची जी रीत पडली आहे, तिचा विचार करतांना हें विसरून चालणार नाहीं.

आपल्या मराठीनें मोटारसायकलीला ‘फटफटी’ हें नांव दिलें, तेंहि किती अचूक आहे पाहा. चार धावांच्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरमध्यें दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. एकच सिलिंडर असलेलें इंजिन मिनिटास हजार फेऱ्यांच्या मंद गतीनें फिरत असलें, तर सेकंदाला सुमारें आठ स्फोट होतात. हे आठ धक्के माणसाचा कान वेगवेगळे ओळखूं शकतो, म्हणून आपणांस ‘फट्-फट्-फट्’ असें ऐकूं येतें. त्याच गतीनें चार सिलिंडरांचें इंजिन फिरलें, तर सेकंदाला तेहतीस धक्के होतात. वीसच्या पुढें गेले कीं धक्के सुटे सुटे ऐकूं येईनासे होऊन त्यांचा एक अखंड सूर बनतो. मोटारीची घरघर ती हीच. १९५५ पासून मद्रासेस तयार होऊं लागलेली एका सिलिंडरची बुलेट आणि चार सिलिंडरांची मोटार यांच्या बोलण्यांतील पहिला भेद येथें आहे. मोटारींत तोच जोर चौघांत वांटला जातो, प्रत्येक धक्का लहान होतो, आणि एक विरतो न विरतो तोंच दुसरा त्याची जागा घेतो.

परंतु हा भेद स्वराचा झाला. आवाज लहान कीं मोठा, हें मुख्यतः त्या धक्क्याच्या वाटेवर आपण काय ठेवतों यावर अवलंबून असतें. आणि येथूनच सायलेन्सरची खरी कथा सुरू होते.

अमेरिकेंतील इंडियाना राज्यांत कोलंबस नांवाचें एक गांव आहे. तेथील मिल्टन रीव्ह्ज व मार्शल रीव्ह्ज या बंधूंचा कप्प्यांचा कारखाना होता. मिल्टन हा मोठा कल्पक गृहस्थ. पुढें १९११ सालीं त्यानें आठ चाकांची मोटारहि बनवून पाहिली. या भावांनीं १८९७ च्या मे महिन्यांत इंजिनाचा आवाज दाबणाऱ्या एका साधनाचें पेटंट मिळविलें. रस्ते अद्याप घोड्यांचे होते, आणि स्फोटांच्या कडकडाटानें बुजणारा घोडा ही मोटारवाल्याच्या वाटेंतील मोठीच धोंड होती. अमेरिकनांनीं या साधनाला ‘मफलर’ म्हटलें. आपण थंडींत गळ्याभोंवतीं गुंडाळतों त्या मफलरचेंच हें नांव. इंग्रजांनीं त्यालाच ‘सायलेन्सर’ म्हटलें, आणि आपणांकडे हेंच नांव रूढ झालें.

या साधनाचें मूळ तत्त्व घरांतल्या माणसालाहि समजण्यासारखें आहे. अरुंद बोळांतून धांवत आलेला जमाव एकाएकीं मोकळ्या मैदानांत शिरला, तर त्याची रेटारेटी आपोआप कमी होते. तसेंच अरुंद नळींतून आलेला वायु रुंद डब्यांत शिरला कीं पसरतो, थोडा निवतो, त्याचा दाब उतरतो; आणि डब्याच्या पलीकडच्या लहान तोंडांतून तो पूर्वीसारखा धक्क्याधक्क्यानें न येतां संथ प्रवाहानें बाहेर पडतो. शिवाय नळीची रुंदी जेथें एकदम बदलते, तेथें आवाजाच्या लाटेचा कांहीं भाग भिंतीवर आपटलेल्या चेंडूप्रमाणें मागें फिरतो. डब्यांत पडदे घालून, भोंकें पाडून, लहानमोठे कप्पे करून या परतणाऱ्या लाटा एकमेकींवर घालतां येतात, आणि एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यांत पडला कीं दोघीहि विरतात. ही विद्या आकाशांतून पडलेली नव्हती. हेरमान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें पोकळ गोळ्यांत कोणता स्वर घुमतो याचें विवेचन आपल्या १८६३ च्या ग्रंथांत संगीताच्या निमित्तानें केलें होतें. त्याचा तो स्वरगोळा आज मोटारीच्या पोटाखालीं, गंजलेल्या पत्र्याच्या डब्यांत, निमूटपणें काम करीत असतो.

दुसरा उपाय याहून साधा आहे. भोंकें पाडलेली सरळ नळी घ्यावी, तिच्याभोंवतीं कांचेच्या तंतूंची लोंकर गच्च भरावी, आणि वरून पत्रा बसवावा. आवाजाची लाट त्या लोंकरींत शिरते आणि तंतूंशीं घांसून तिची शक्ति उष्णतेच्या रूपानें संपते. मात्र ही लोंकर कालांतरानें जळते, उडून जाते. कांहीं गाड्या नव्या असतांना सौम्य असतात आणि जुन्या झाल्यावर खेंकसूं लागतात, याचें एक कारण हें. दुसरें कारण म्हणजे गंजून पडलेलें भोंक किंवा सैल झालेला सांधा.

या कथेंतील सर्वांत चटका लावणारें प्रकरण एका पितापुत्रांचें आहे. हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हें नांव युद्धाच्या इतिहासांत सर्वांना ठाऊक आहे. आपली मशीनगन त्यानें १८८४ च्या सुमारास लंडनमध्यें सिद्ध केली. वर्षानुवर्षें तिच्या बारांच्या सान्निध्यांत राहून त्याचे कान अधू झाले, आणि उत्तर आयुष्यांत तो जवळजवळ बहिरा झाला. त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम हाहि संशोधकच. १८९५ च्या सुमारास त्यानें हार्टफर्ड येथील एका सायकलच्या कारखान्यांत मोटारी बनविण्याचें काम हातीं घेतलें, आणि १९०९ सालीं त्याला बंदुकीचा आवाज गिळणाऱ्या नळीचें पेटंट मिळालें. न्हाणीघरांतील टबाचें पाणी मोरीच्या भोंकांतून भोंवऱ्यासारखें फिरत संथपणें जातांना पाहून ही कल्पना त्याला सुचली, असें सांगतात. वायूला सरळ न सोडतां फिरवीत फिरवीत न्यावें, म्हणजे त्याचा आवेग ओसरतो, हें त्यांतलें मर्म. याच तत्त्वावर त्याच्या कंपनीनें पुढें मोटारींच्या, बोटींच्या आणि कारखान्यांच्या इंजिनांसाठीं सायलेन्सर बनविले. बापानें जगाच्या कानांत बार भरला, आणि मुलानें तो शमविण्यांत आयुष्य वेंचलें. विशेष म्हणजे हाच मुलगा अमेरिकेंतील हौशी बिनतारीवाल्यांच्या संघाचा १९१४ सालीं एक संस्थापक झाला. हवेंतून नकोसा आवाज काढून टाकणें आणि हवेंतून हवासा आवाज दूर पोंचविणें, हीं दोन्ही कामें एकाच माणसाला प्रिय असावींत, हें रेडिओच्या श्रोत्यांना आवडेल.

श्रोतेहो, साधन मिळालें म्हणजे प्रश्न मिटावयास हवा होता. पण तसें झालें नाहीं. आरंभीचे सायलेन्सर ओबडधोबड असत. त्यांतील पडद्यांमुळें वायूची वाट अडे, मागच्या मागें दाब तुंबे, आणि इंजिनाची कांहीं शक्ति तो वायु बाहेर ढकलण्यांतच खर्च होई. म्हणून त्या काळच्या पुष्कळ मोटारींना सायलेन्सरच्या अलीकडे एक झडप बसविलेली असे. चालकानें पायाखालची कळ दाबली, कीं झडप उघडून वायु थेट बाहेर पडे. चढावर थोडी शक्ति मिळावी, हा मूळ उद्देश. पण चढ संपला तरी कळ सुटेना! सपाट रस्त्यावर, भर वस्तींत, चार लोकांनीं वळून पाहावें एवढ्यासाठींच झडपा उघडल्या जाऊं लागल्या, आणि शेवटीं ठिकठिकाणीं त्यांवर बंदी घालण्याची पाळी आली. कळ दाबली कीं आवाज वाढतो आणि शक्तीहि वाढते, हा अनुभव एका पिढीनें घेतला. पुढें यंत्रें सुधारलीं, वाट न अडवितां आवाज शमविण्याची युक्ति साधली, आणि शक्तीचा तो लाभ नांवापुरता उरला. परंतु आवाज म्हणजे शक्ति ही समजूत मात्र वारशानें पुढील पिढ्यांकडे आली. आज सायलेन्सर बदलून घेणारा तरुण त्या मोडीत निघालेल्या कळेचाच वारसदार आहे.

ही समजूत चुकीची आहे, याचा पुरावा १९०७ या एकाच वर्षांत, एकाच देशांत मिळतो. त्या वर्षीं इंग्लंडांत रोल्स-रॉइस कंपनीनें ‘सिल्व्हर घोस्ट’ या नांवानें प्रसिद्ध झालेली मोटार लोकांपुढें आणली. तिला सहा सिलिंडर होते, आणि इंजिन तब्बल सात लिटरांचें, म्हणजे आजच्या बुलेटच्या इंजिनाच्या वीसपट. एवढें अजस्र इंजिन असूनहि ती इतकी नीरव चाले, कीं तिला ‘घोस्ट’, म्हणजे भूत, हें नांव मिळालें. आपल्याकडील संस्थानिकांनीं या कंपनीच्या मोटारी मोठ्या हौसेनें घेतल्या, त्यांतहि या नीरवतेचा वाटा होता. सात लिटरांचें इंजिन १९०७ सालीं शांत ठेवतां येत होतें, तर त्यानंतरचा कोणताहि गोंगाट ‘यंत्राचा नाइलाज’ म्हणून क्षम्य ठरत नाहीं.

त्याच वर्षीं जून महिन्यांत सरे परगण्यांत वेब्रिजजवळ ब्रुकलंड्स येथें मोटारशर्यतींचा काँक्रीटचा धांवमार्ग खुला झाला. ह्यू लॉक किंग या जमीनदारानें तो आपल्या मालकीच्या जमिनींत बांधला. मार्ग खुला होतांच त्याच महिन्याच्या अखेरीस सेल्विन एज या चालकानें नेपियर मोटार त्यावर सतत चोवीस तास चालविली. रात्रीं कडेनें कंदील लावले होते. सरासरीं ताशीं सुमारें ६६ मैलांच्या वेगानें त्यानें पंधराशेंहून अधिक मैल तोडले. वर्तमानपत्रांनीं विक्रमाचा जयघोष केला. पण आसपासच्या घरांतील माणसांनीं ती रात्र जागून काढली होती. तक्रारी झाल्या, प्रकरण कोर्टकचेरीपर्यंत गेलें, आणि ब्रुकलंड्सवर रात्रीच्या शर्यती बंद झाल्या. फ्रान्समध्यें ल मां येथें चोवीस तासांची अखंड शर्यत होत असे. ब्रुकलंड्सला १९२९ सालीं तशी शर्यत घ्यावयाची झाली, तेव्हां ती बारा-बारा तासांच्या दोन दिवसांत विभागावी लागली, आणि तिला नांवच पडलें ‘डबल ट्वेल्व्ह’. त्यापूर्वींच, १९२० नंतरच्या दशकांत, रहिवाशांच्या दाव्यामुळें शर्यतीच्या गाड्यांवरहि मोठा सायलेन्सर सक्तीचा झाला होता. टोंकाशीं माशाच्या शेपटीसारखा पसरलेला तो ‘ब्रुकलंड्स सायलेन्सर’ पुढें इतका लोकप्रिय झाला, कीं शौकीन लोक तो आपल्या गाड्यांना ऐटीसाठीं लावूं लागले. दैवाची लीला अशी, कीं झोंपमोड झालेल्या शेजाऱ्यांच्या तक्रारींतून जें साधन जन्मलें, तेंच वेगाच्या शौकिनांचें भूषण ठरलें. आणि शर्यतीच्या गाड्या मुसक्या बांधूनहि वेगानें धांवूं शकतात, हें जगाला तेथेंच पाहावयास मिळालें.

आतां आरंभीच्या प्रश्नाकडे वळूं. मोठ्या इंजिनाची मोटार शांत आणि लहान इंजिनाची मोटारसायकल गोंगाटी, हें कसें? याचें मुख्य उत्तर ‘जागा’ हें आहे. खालच्या पट्टींतील, घुमणाऱ्या आवाजाची लाट लांबलचक असते. सेकंदाला तेहतीस धक्क्यांचा जो स्वर आपण मघां पाहिला, त्याची लाट मोकळ्या हवेंत दहा मीटर लांब पडते, आणि तप्त वायूंत तर त्याहूनहि लांब. एवढ्या लाटेला आवरावयाचें तर सायलेन्सरचें पोट मोठें हवें आणि नळी लांब हवी. मोटारीच्या तळाशीं पुढच्या चाकांपासून मागच्या टोंकापर्यंत सारी जागा मोकळी असते. तींत दोनदोन, तीनतीन डबे बसवितां येतात. मोटारसायकलीला तेवढें अंगण कुठलें? तिचा सगळा संसार स्वाराच्या एका पोटरीच्या आड. शिवाय मोटारीचें इंजिन पत्र्याच्या झांकणाखालीं बंदिस्त असतें, तर मोटारसायकलीचें उघडें. धुरांतील विष कमी करणारीं जीं जाळीदार साधनें पेट्रोलच्या नव्या मोटारींना आपल्या देशांतील चार महानगरांत १९९५ पासून बसूं लागलीं, त्यांतून जातांनाहि आवाजाचे दांत बोथट होतात. ज्या गाडींत बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर टर्बोचें चक्र फिरवितात, तींत तर वायां जाणारा तो जोर पुन्हां कामाला लावला जातो, आणि जितका जोर कामीं आला तितका आवाज आपोआप घटतो. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही आपली म्हण इंजिनालाहि लागू पडते, ती अशी.

येथें कोणी जाणकार आक्षेप घेईल, कीं नळीच्या घडणीनें शक्ति वाढते हें तर सिद्ध आहे. तें खरेंच आहे, आणि त्याचाहि एक इतिहास आहे. दोन धावांच्या इंजिनांत प्रत्येक फेरीला स्फोट होतो, म्हणून त्याचा स्वर दुपटीनें उंच, टणत्कारयुक्त असतो. आकुर्डीस १९७२ पासून तयार होऊं लागलेल्या चेतक स्कूटरचा तो परिचित स्वर अनेक घरांना घरधन्याच्या येण्याची वर्दी देत असे. अशा इंजिनांत ताजें मिश्रणहि धुराबरोबर निसटून जातें. पूर्व जर्मनींतील एम. झेड. कारखान्याच्या वाल्टर काडेन या यंत्रज्ञानें १९५० नंतरच्या दशकांत नळीला पोटाशीं फुगीर आणि टोंकाशीं निमुळता आकार असा मोजून मापून दिला, कीं परत फिरणारी आवाजाची लाट नेमक्या क्षणीं येऊन निसटूं पाहणारें मिश्रण पुन्हां सिलिंडरांत ढकली. १९६१ सालीं त्याचें १२५ सी.सी. चें इंजिन सुमारें २५ अश्वशक्ति देऊं लागलें. त्याच वर्षीं त्याचा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला आणि ही विद्या जपानच्या सुझुकी कंपनीकडे गेली. पुढच्याच वर्षीं सुझुकीनें ५० सी.सी. वर्गांतील जगज्जेतेपद मिळविलें, आणि स्वार तोच होता. पण या कथेचें तात्पर्य नीट ध्यानांत घ्यावें. काडेननें शक्ति मिळविली ती आवाज मोकळा सोडून नव्हे, तर त्याची लाट अडवून, परतवून, कामाला जुंपून. जो मनुष्य सायलेन्सर फोडून त्यांतले पडदे उपटून टाकतो, तो काडेनचा शिष्य नव्हे; त्याच्या हातीं बहुधा आवाजच तेवढा लागतो.

आवाजाचा हा तंटा फार दिवस ‘मला त्रास होतो’ आणि ‘मला होत नाहीं’ एवढ्यावरच अडून होता. कारण तो मोजण्याचें मापच नव्हतें. तें माप टेलिफोनच्या धंद्यानें दिलें. अमेरिकेंतील बेल टेलिफोनच्या शास्त्रज्ञांनीं १९२० नंतरच्या दशकांत ‘डेसिबल’ हें परिमाण रूढ केलें, आणि न्यूयॉर्क शहरानें १९२९ सालीं गोंगाटाच्या चौकशीसाठीं एक मंडळ नेमलें. मोजमापाचीं यंत्रें भरलेली एक गाडी रस्तोरस्तीं फिरली. १९३० च्या अहवालांत नागरिकांच्या तक्रारींचा सर्वांत मोठा वाटा वाहनांच्या पदरीं पडला. डेसिबलचें गणित मात्र फसवें आहे. ८० आणि १०० यांत अंतर थोडें दिसतें. पण दर दहा डेसिबलला ध्वनीची शक्ति दसपट होते, म्हणजे १०० डेसिबलची गाडी ८० च्या गाडीहून शंभरपट शक्ति हवेंत उधळीत असते.

आपल्या देशांतील कायदा या बाबतींत मुका नाहीं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे. त्यांतील १२० वा नियम सांगतो, कीं प्रत्येक मोटार वाहनाला प्रसरणकोठीच्या द्वारें किंवा अन्य रीतीनें आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. रीव्ह्ज बंधूंच्या काळचें तत्त्व आज कायद्याच्या भाषेंत असें नांदत आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ अन्वयें कारखान्यानें ठरविलेल्या रचनेंत मालकानें परस्पर बदल करणेंहि निषिद्ध आहे. तरीहि बाजारांत आवाजाच्या नळ्या विकल्या जातात, गल्लींतला कारागीर त्या अर्ध्या तासांत बसवून देतो, आणि आपल्या शहरांतील पोलिसांना जप्त केलेल्या सायलेन्सरांच्या ढिगावर रस्त्याचा रोलर फिरवावा लागतो. तो देखावा पाहावयास गर्दी जमते खरी. पण रोलरखालीं नळी चिरडते, समजूत चिरडत नाहीं.

आणि समजूतच खरी हट्टी आहे. अमेरिकेंतील हार्ले-डेव्हिडसन कंपनीच्या इंजिनांत दोन सिलिंडर पंचेचाळीस अंशांच्या कोनांत असतात, आणि त्यांचे स्फोट समान अंतरानें होत नाहींत; त्यामुळें अडखळत धांवणाऱ्या घोड्यासारखी एक लय निर्माण होते. या आवाजावर व्यापारचिन्ह म्हणून हक्क मिळावा, असा अर्ज कंपनीनें १९९४ सालीं केला आणि पुढें २००० सालीं मागें घेतला. २०१४ सालीं फॉर्म्युला वनच्या शर्यतींत लहान, टर्बोयुक्त आणि अधिक काटकसरी इंजिनें आलीं. गाड्या वेगांत फारशा मागें पडल्या नाहींत, पण आवाज उतरला. तेव्हां प्रेक्षकांनीं एवढी ओरड केली, कीं त्याच वर्षीं एका गाडीच्या नळीला कर्णा लावून आवाज वाढतो का, हें पाहण्यांत आलें! कांहीं महागड्या मोटारींत तर इंजिनाचा नाद आंतील कर्ण्यांतून बैठकींत ऐकविण्याची सोय आहे. त्यांत एक शहाणपण आहे, हें मात्र कबूल केलें पाहिजे: ज्याला तो नाद हवा, त्यालाच तो ऐकूं येतो, रस्त्यावरच्या घरांत तो शिरत नाहीं.

वादाचें मर्म येथेंच आहे. नाद आवडणें हा कांहीं गुन्हा नव्हे. बुलेटच्या संथ ठेक्यांत एक गोडी आहे, हें ज्याला पटत नाहीं त्यानें निदान तो ठेका एकदां सकाळच्या घाटांत ऐकून पाहावा. परंतु डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहींत. नकोसें दृश्य दिसलें तर दृष्टि फिरवितां येते; नकोसा आवाज भिंत ओलांडून उशाशीं येऊन बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय विभागानें २०१८ सालीं दिलेल्या सल्ल्याप्रमाणें रात्रीं रस्त्याच्या रहदारीचा आवाज सरासरीं ४५ डेसिबलच्या आंत असावा. कारण मोडलेल्या झोंपेचा हिशोब शेवटीं रक्तदाबांत आणि हृदयांत जमा होतो. मोठा आवाज असला म्हणजे इतर वाहनवाले सावध होतात, असेंहि एक समर्थन ऐकूं येतें. पण नळीचें तोंड असतें मागच्या दिशेला, आणि धोका बहुधा असतो पुढच्या दिशेला. जो पुढें आहे त्याला तो नाद सर्वांत कमी पोंचतो. पोंचतो तो मागें राहिलेल्या घरांना.

आतां तर काळानें मोठीच गंमत केली आहे. विजेच्या गाडींत स्फोट नाहीं, धूर नाहीं, म्हणून नळीहि नाहीं. ती मंद गतीनें इतकी निःशब्द चालते, कीं आंधळ्या पादचाऱ्याला तिची चाहूल लागत नाहीं. म्हणून युरोपांत १ जुलै २०१९ पासून अशा नव्या प्रकारच्या गाड्यांना कमी वेगावर मुद्दाम थोडा आवाज करण्याची सक्ति झाली. सव्वाशें वर्षें आवाज मारण्यासाठीं झटलेल्या यंत्रज्ञांना आतां आवाज घडविण्याचें काम मिळालें आहे! पण या दोन कामांत विरोध नाहीं. १८९७ सालीं रीव्ह्ज बंधूंनीं घोड्याची भीति विचारांत घेतली. २०१९ सालीं आंधळ्याची काठी विचारांत घेतली गेली. दोन्ही वेळीं प्रश्न एकच होता: रस्त्यावरच्या दुसऱ्या जीवाला आपल्या येण्याचें काय होतें?

कांहीं गाड्या इतरांहून अधिक कां गरजतात, याचें उत्तर म्हणून द्विविध आहे. सिलिंडर किती, नळी केवढी, डब्याला जागा किती, लोंकर शाबूत आहे कीं जळाली, हें झालें यंत्राचें उत्तर. तें जाणकार मिस्त्री देईल. पण गाडी शांत ठेवण्याची विद्या हातीं असतांना ज्यानें ती उपटून फेंकली, त्याच्या गाडीच्या गर्जनेचें कारण यंत्रांत शोधूं नये. रात्रीं दचकून उठलेल्या मुलाला थोपटतांना त्याची आई जो प्रश्न मनांत विचारते, त्याचें उत्तर गाडीजवळ नाहीं. तें गाडीवर बसलेल्या माणसाजवळ आहे.